विचारायचं राहून गेलं

हे लिहा म्हणून मागे लागल्या त्या आमच्या डायलिसिस विभागातल्या रेखा सिस्टर. नवे पेशंट येतात, भेदरलेले असतात, तुमच्यासारख्या पुराण्या माणसाचं काही वाचलं तर त्यांना धीर येईल, असं त्यांचं म्हणणं. मी पुराणा झालो हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना वाटलं होतं की मी हिंदीत लिहीन. इंदूरात जन्म गेला, दिवसभराचं बोलणं हिंदीतच चालतं. पण ही गोष्ट माझ्या घरातली आहे आणि घरातलं मला मराठीतच नीट सांगता येतं. सिस्टरांना मी वाचून समजावून सांगेन.

एक आधीच सांगतो. मी बरा झालेलो नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातून तीनदा मी चार-चार तास मशीनला जोडलेला असतो. ज्यांना बरं झालेल्या माणसाची गोष्ट हवी आहे त्यांची निराशा होईल. पण या आजारात माझं एक दुसरं दुखणं उघडकीला आलं, फार जुनं, आणि त्याला मात्र थोडा उतार पडला आहे. मला मुख्यतः त्याबद्दल लिहायचं आहे.

पाय

माझं नाव सुधाकर, वय सत्तावन्न. सांवेर रोडवरच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी डिस्पॅच पाहतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात संध्याकाळी मोजे काढले की पायांवर खोल वळ दिसायला लागले. मी कोणाला बोललो नाही. माझ्या बायकोच्या, नीलिमाच्या, लक्षात आलं असावं, कारण एके दिवशी चपलांच्या रॅककडे बघत ती म्हणाली, "चपला घट्ट होऊन राहिल्यात वाटतं." मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो की गर्मीमुळे होतं असं. झालं. चपलांबद्दल बोलणं झालं, पायांबद्दल नाही. त्यात अडीच महिने गेले.

मग कारखान्याचा जिना चढताना धाप लागायला लागली, जेवणाची चव गेली, अंगाला खाज सुटली. रक्त तपासलं. रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि नीलिमाकडे बघून सांगितलं, "इनकी दोनों किडनी लगभग काम करना बंद कर चुकी हैं. इनको डायलिसिस पर लेना पड़ेगा." मी त्यांच्या समोरच बसलो होतो. प्रवासात फुटलेल्या पेटीबद्दल ट्रान्सपोर्टवाले असेच बोलतात, पेटी तिथेच पडलेली असते. पण खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला नाही. उलट माझ्या डोळ्यांत बघून कोणी बोलत नाहीये याचं बरंच वाटलं. मी एकच विचारलं, सोमवारी ड्यूटीवर जाता येईल का. नीलिमा फाइलची दोरी बांधत बसली.

परतताना गाडी मीच चालवत होतो. लालबागच्या वळणावर ती म्हणाली, "दूध घ्यायचं होतं." मी म्हणालो, "राहिलं." ज्या दिवशी दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं त्या दिवशी नवराबायकोत झालेलं बोलणं ते एवढंच. घरी आल्यावर ती शिकवणीच्या मुलांसमोर जाऊन बसली आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

इत्तला

आपल्या घराण्यात बोलत नाहीत, इत्तला देतात, म्हणजे नुसती सूचना काढतात, असं आमची मुलगी अनघा म्हणते. ती लग्न होऊन हैदराबादला असते आणि तिथून फोनवर अशी सुभाषितं ऐकवते. पण तिचं काही खोटं नाही. माझे आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांना आजीला काही सांगायचं असलं की ते खुंटीवरच्या टोपीकडे बघून म्हणायचे, "आज पाहुणे येणार आहेत." वडील त्यामानानं सुधारलेले. ते मुलांना मध्ये घालून बोलायचे, तुझ्या आईला म्हणावं, मीठ कमी आहे. आई समोर वाढत उभी असायची. मी दोघांच्याही पुढे गेलो. मला टोपी लागेना, मुलंही लागेनात. "चहा होईल का?" "बँकेत जायला हवं होतं." "गोळ्या संपत आल्यात." कोण कोणाला सांगतंय त्याचा पत्ता नाही. ऑफिसातले आमचे कागदही असेच, सूचित किया जाता है, माल रवाना किया जा चुका है. तीस वर्षं तसे कागद लिहिले आणि घरी येऊन तसाच बोललो.

यात भांडण कधी झालं नाही. नातेवाईक आमच्या संसाराचं उदाहरण द्यायचे. नीलिमा आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. पुढच्या खोलीतून तिचं हसणं ऐकू यायचं. मुलांना ती रागवायची, चिडवायची, "गधड्या, हे काय करून ठेवलंस" म्हणायची. मुलं गेली की आत येऊन मला विचारायची, "पानं घ्यायची का?" मला वाटायचं, दिवसभर बोलून दमत असेल. एकतीस वर्षं मला तसंच वाटत होतं.

चार नंबर

डायलिसिसच्या खोलीत आठ पलंग आहेत. मी चार नंबर. गेल्या गेल्या वजन करतात. मागच्या खेपेपासून अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं. दिवसाला एकच लिटर पाणी प्यायचं, त्यात चहा, वरण, ताक सगळं आलं. तहान म्हणजे काय ते मला या वयात समजलं. नव्या लोकांना सांगतो, बर्फाचा लहानसा खडा तोंडात धरा, घोटभर पाण्यापेक्षा जास्त वेळ पुरतो. पांघरूण घरचं न्या, कारण मशीनमधून फिरून आलेलं रक्त थंड असतं आणि आतून हुडहुडी भरते. खिडकीजवळचा पलंग मिळाला तर सोडू नका.

भीती सुईची वाटते. ती जाड असते आणि दोन असतात. हातातली रक्तवाहिनी जोडून फुगवलेली असते, तिथे त्या टोचतात. पहिल्या दिवशी मी छताकडे बघत होतो आणि माझे पाय थरथरत होते. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी पांघरूण मागितलं.

रेखा सिस्टर पन्नाशीच्या, बडनगरकडच्या. त्यांच्या लेखी सगळे पुरुष बाबूजी आणि सगळ्या बायका जीजी. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. पण सुई हातात घेतली की त्या थांबतात आणि विचारतात, "लगा दूँ, बाबूजी?" हो म्हणेपर्यंत हात पुढे करत नाहीत. दुसरे एक टेक्निशियन आहेत, फार सभ्य. ते नावानं हाक मारतात, "गुड मॉर्निंग सुधाकरजी" म्हणतात आणि म्हणता म्हणता सुई आत गेलेली असते. हा फरक मला तेव्हा दिसत होता. पण त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

ठरलं

चार महिन्यांनी डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचा विषय काढला. घर में कौन दे सकता है, ते देखो म्हणाले. रविवारी घरी बैठक बसली. देवासहून माझी मोठी बहीण अक्का आली होती, अनघा फोनवर होती. अक्काला पंचवीस वर्षांची शुगर, ती बाद. अनघाच्या अंगावर पिणारं बाळ, तिचं नावही काढायचं नाही असं मीच म्हणालो. सगळ्यांना पुढचं नाव माहीत होतं. शेवटी अक्का म्हणाली, "मग नीलिमाचंच बघावं लागेल." नीलिमा उठली आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली.

मी त्याला होकार समजलो. आमच्याकडे होकार असाच असतो. अनघा फोनवर रडली, अक्कानं डोळे पुसले, आणि विषय संपला. पुढचे तीन महिने नीलिमाच्या तपासण्या चालल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. हृदय चांगलं, साखर नाही, दोन्ही किडन्या ठणठणीत. ती फाइल घेऊन एकटी जायची, रांगेत बसायची, रिपोर्ट आणून टेबलावर ठेवायची. मी तो वाचायचो आणि म्हणायचो, "नॉर्मल आहे." आभार मानावेत असं मनात आलं होतं, पण घरच्या माणसाला काय थँक्यू म्हणायचं. हे वाक्य मी पुष्कळ वेळा वापरलं आहे आणि ते किती सोयीचं आहे हे मला माहीत आहे.

शेवटची पायरी कमिटीची होती. किडनी देणारा माणूस दबावाखाली देत नाही ना, हे ती पाहते. लग्नाचा पुरावा मागतात, दोघांचे एकत्र फोटो मागतात. फोटो शोधताना आमची धांदल उडाली. लग्नातला एक होता. त्यानंतर थेट अनघाच्या लग्नातला, आणि त्यात आमच्या दोघांमध्ये सहा माणसं उभी.

बंद दरवाजा

आधी मला आत बोलावलं. टेबलामागे चार-पाच जण, कोपऱ्यात व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू. मधल्या बाई वयस्कर डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं की पत्नीशी तुम्ही याबद्दल कधी बोललात. मी सांगितलं, "घर में सबकी राय से तय हुआ." त्या म्हणाल्या, ते ठीक, पण तुम्ही स्वतः विचारलंत का? मी म्हणालो, "पूछने की बात ही नहीं थी." हे मी अभिमानानं म्हणालो. आमच्या घरात असं विचारावंही लागत नाही, असं मला त्यांना दाखवायचं होतं.

मग नीलिमाला बोलावलं आणि दार लागलं. मी बाहेर घड्याळ बघत होतो. मला सात मिनिटं लागली होती, तिला पंचवीस लागली. ती बाहेर आली, तिच्यामागून कोऑर्डिनेटर बाई आल्या आणि म्हणाल्या की फाइल अभी रुकी है, पंधरा दिन बाद देखेंगे. कारण विचारलं तर त्या नुसत्या हसल्या.

कारण नीलिमानंच गाडीत सांगितलं. ती समोरच्या काचेतून बघत होती, पण या वेळी माझ्याशीच बोलत होती, एवढं मला कळलं. "त्यांनी विचारलं, किडनी द्यायला तुम्हाला कोण म्हणालं. मी म्हणाले, कोणी नाही. ठरलं होतं. मग विचारलं, तुम्हाला स्वतःला द्यायची आहे का." तिनं सीटचा पट्टा सैल केला. "मी म्हणाले, मला हे आत्तापर्यंत कोणी विचारलंच नव्हतं."

मला संताप आला होता. हे लपवण्यात अर्थ नाही. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती, मी मनात सुट्ट्यासुद्धा मोजल्या होत्या, आणि चार परक्या माणसांसमोर हिनं असं सांगावं. त्या आठवड्यात मी घरात जेवढ्यास तेवढंही बोललो नाही. अनघाला मेसेज केला की फाइल थांबवण्यात आली आहे. तिचा लगेच फोन आला, कोणी थांबवली म्हणून. मी म्हणालो, तुझ्या आईनं. आणि झालेलं सांगितलं. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "बाबा, मतलब मी पण नाही विचारलं ना आईला. मी तर फोनवर थँक्यू म्हणून रडून मोकळी झाले."

हात आपला असतो

गुरुवारी रेखा सिस्टर सुई घेऊन थांबल्या आणि नेहमीचं विचारलं. मी चिडलेलाच होतो. मी म्हणालो की सुई तर लागणारच आहे, मग रोज विचारता कशाला. त्या जराही रागावल्या नाहीत. "लगनी है, वो तो मालूम है," त्या म्हणाल्या. "पर हाथ तो आपका है न, बाबूजी."

मी विचारलं, कधी कोणी नाही म्हणालंय का? त्या म्हणाल्या, कितीतरी वेळा. एक जीजी होत्या, रोज नाही म्हणायच्या. सिस्टर दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसून राहायच्या आणि मग त्या आपणहून हात पुढे करायच्या. एक दिवस नाही केला. मग त्या दिवशी नाही झालं, दुसऱ्या दिवशी झालं. सिस्टर हे अगदी सहज सांगत होत्या, जसं काही, विचारलं की समोरचा नाहीसुद्धा म्हणणार हे जगात सगळ्यांनाच ठाऊक असतं.

चार तास पडल्या पडल्या मी तेच घोळवत होतो. मी नीलिमाला का विचारलं नव्हतं? भिडेपोटी, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. एवढं मोठं मागणं तोंडावर कसं मागायचं. पण ते खरं नव्हतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणू शकली असती. न विचारण्यात माझाच फायदा होता, आणि त्याला मी मर्यादा, संस्कार, खानदानी रीत अशी नावं देत होतो. आजोबांच्या टोपीचा उपयोगही हाच असणार. टोपी कधी नाही म्हणत नाही.

रविवार

रविवारी शिकवणीला सुट्टी असते. नीलिमानं पोहे केले होते. माझे बिनमिठाचे, बिनशेवेचे, म्हणजे इंदूरच्या माणसासाठी शिक्षाच. ती स्वतःचे पोहे स्वयंपाकघरात उभ्यानं खायची. मला शेव दिसू नये म्हणून ती तिथे खाते, हे सहा महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मी म्हणालो, "बाहेर आणून खा. बस इथं जरा."

ती बशी घेऊन आली. मी मनात सगळं तयार केलं होतं, आणि तोंडातून निघालं, "मग किडनीचं काय ठरतंय?"

"कोण ठरवून राहिलंय?" ती म्हणाली.

मी पुन्हा सुरुवात केली. "मी तुला आधी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आता विचारतोय. मला तुझी किडनी हवी आहे. देशील का?"

तिनं चमचा बशीत ठेवला. "नाही म्हटलं तर चालेल?"

चालेल, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिनं ते ऐकून घेतलं असतं आणि आम्ही पुन्हा होतो तिथे गेलो असतो. मी म्हणालो, "चालणार तर नाही. पण चालवून घेईन."

"मग नाही," ती म्हणाली. "नाही द्यायची मला. भीती वाटते."

मग तिनं सांगितलं. ती पंधरा वर्षांची असताना तिच्या आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन होतं, अगदी साधं. आई आत जाताना हिच्या हातात बांगड्या देऊन गेली आणि भुलीतून परत जागी झालीच नाही. बांगड्या मुठीत धरून ही संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होती. कोणी येऊन तिला काही सांगितलं नाही. मोठ्यांचं आपसातलं बोलणं ऐकून तिला कळलं. सासूबाई ऑपरेशनमध्ये गेल्या हे मला लग्नापासून माहीत होतं. दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी ते वाक्य घरात म्हटलं जातं. पण बाकावरच्या मुलीचं काय झालं, हे मी एकतीस वर्षांत विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "दर टेस्टच्या आधी मी मनात म्हणायचे, काहीतरी खराब निघू दे. आणि तुम्ही वाचून दाखवायचे, नॉर्मल आहे."

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस. ती म्हणाली की बोलले असते तर तुम्ही काय म्हटलं असतं? मी खरंच विचार करून पाहिला. मी 'बघू' म्हटलं असतं, आणि काही बघितलं नसतं.

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. डॉक्टरांसमोर वाटली नव्हती एवढी मरणाची भीती मला त्या पोह्यांच्या बशीसमोर वाटली. आणि लाजही वाटली. या बाईनं तीन महिने रोज ती दहशत अंगावर घेऊन रांगा लावल्या होत्या, आणि मला फक्त रिपोर्ट दिसत होते. मी रडलो, आणि या वेळी नळाशिवाय. ती म्हणाली, "मला माहीत आहे तुम्ही आत जाऊन नळ सोडता. तोंड धुवायला इतका वेळ लागत नाही." मग ती मला एकेक विचारत गेली, सुई किती दुखते, तहान कशी असते, तिथे पडल्या पडल्या डोक्यात काय येतं. मी सांगत गेलो. पोहे केव्हाच गार झाले होते. दुपारचे दोन वाजले तरी आम्ही तिथेच होतो.

अक्का

बातमी देवासला पोहोचायला वेळ लागला नाही. पुढच्या आठवड्यात अक्का आली. नीलिमा पोळ्या लाटत होती आणि अक्का माझ्याजवळ बसून, पण स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं, बोलत होती. आमच्या शेजारच्या पोरीनं नवऱ्याला किडनी दिली, चोवीस वर्षांची पोर. आता काय, ज्याचं त्याचं मन. लोकांना आपला जीव मोठा वाटतो. लेकी बोले सुने लागे, ही विद्या अक्काला चांगली येते, आणि ती तिला कुठे मिळाली तेही मला माहीत आहे. एकाच घरात वाढलो आम्ही.

आतलं लाटणं थांबलं होतं. एरवी मी म्हटलं असतं की जाऊ दे, विषय नको. मी म्हणालो, "अक्का, तिच्याबद्दल बोलायचं असेल तर तिच्याशी बोल. आणि माझ्याशी बोलायचं असेल तर ऐक. मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. ते मी मान्य केलंय." अक्का म्हणाली, मान्य करून तू मरशील त्याचं काय रे, सुधा. मला तेव्हा दिसलं की तिचे टोमणेही भीतीचेच होते, फक्त ते सरळ येत नव्हते. मी तिचा हात धरला आणि म्हणालो की मलाही तीच भीती वाटते. आम्ही भाऊबहीण वडिलांच्या मृत्यूच्या वेळीही असे बोललो नव्हतो. अक्का त्या दिवशी जेवून गेली. नीलिमाशी ती अजून मोजकंच बोलते, पण जे बोलते ते तिच्याकडे बघून बोलते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या बायकोनं, भावानं, आईनं किडनी दिली असेल, देणार असेल, तर माझं त्यावर काहीही म्हणणं नाही. आमच्या विभागातच अशी दोन घरं आहेत आणि ती आनंदात आहेत. मी एवढंच म्हणेन की मागा, आणि स्वतःच्या तोंडानं मागा. उत्तर काय येईल ते माहीत नसताना मागा.

कारणाचा रकाना

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. नीलिमानं डॉक्टरबाईंना आपलं म्हणणं सांगितलं. मृत दात्यांकडून येणाऱ्या किडनीच्या यादीत माझं नाव घालायचं ठरलं. तिथे रांग लांब आहे आणि नंबर कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. नीलिमाची फाइल बंद करायला एक फॉर्म भरायचा होता आणि त्यात कारणाचा रकाना होता.

कोऑर्डिनेटर बाई भल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मेडिकल कारण लिख देते हैं. हम हमेशा यही करते हैं. रिश्तेदार फिर कुछ नहीं बोलते." त्यांचं बरोबर होतं. त्या एका ओळीनं पुष्कळ बायकांची घरं सावरली असतील. मी नीलिमाला विचारलं, "काय लिहायचं?"

तिनं फॉर्म बाईंसमोर सरकवला. मग म्हणाली, "मैडम, कारण मेडिकल नहीं है. मुझे डर लगता है, मैं नहीं देना चाहती. यही लिखिए." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी लिहिलं, नीलिमानं सही केली, आणि खाली साक्षीदार म्हणून मी.

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर ती गाडीत बसेना. दाराला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आता एक विचारते. खरं सांगा. तुम्हाला माझा राग येतो का?"

"येतो," मी म्हणालो.

"कधी?"

"डायलिसिसच्या दिवशी. मशीन बंद करतात, सुया काढतात, त्यानंतर. तासभर फार येतो."

"आणि मग?"

"मग भूक लागते."

ती हसली. मग रडली, आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "त्या तासात गप्प नका बसत जाऊ. मला सांगत जा, राग आलाय म्हणून."

आधी ती डायलिसिसच्या दिवशी खालीच, पावतीच्या खिडकीसमोर बसून असायची. परवा मंगळवारी ती वर आली. रेखा सिस्टरांनी सुया काढल्या, कापूस दाबून धरला. माझं डोकं हलकं झालं होतं, पायात गोळे आले होते. शेजारच्या पलंगावरच्या माणसाचं पुढच्या महिन्यात ट्रान्सप्लांट आहे, त्याची बायको त्याला सफरचंद कापून देत होती. मला संताप आला. मी भिंतीकडे तोंड करणार होतो. मग नीलिमाकडे वळलो आणि म्हणालो, "आलाय राग."

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसली. "येऊ द्या. मी इथेच आहे."